कुणीच न ओलांडलेला रस्ता

अर्जबाई आल्या तेव्हा आत्या शिडीवर चढून पंख्याची पाती पुसत होती आणि भाचा खाली शिडी धरून उभा होता. धरून म्हणण्यापेक्षा तो शिडीला टेकला होता असं म्हणणं जास्त खरं.

आत्याची अर्धी हयात विमा कंपनीत खोटे दावे उघडे पाडण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर तिने घराच्या पुढच्या खोलीबाहेर खासगी तपासाची पाटी लावली. भाचा तिची गाडी चालवायचा, चहा करायचा आणि कुणी न विचारलेल्या प्रश्नांची चुकीची उत्तरं द्यायचा. तो तिला आत्या म्हणायचा म्हणून हळूहळू सगळं शहर आत्या म्हणू लागलं होतं.

अर्जबाई हेही टोपणनावच. नगरपालिका, बसखाती, रस्तेखाती यांना पूल, रस्ते, बसगाड्या यांच्यासाठी अनुदान मिळवून द्यायचं, हा या बाईंचा व्यवसाय होता. कुठे काय गरज आहे ते जागेवर जाऊन बघायचं, मोजण्या करायच्या, नकाशे जोडायचे आणि अनुदान मंडळ शंका काढून दमेपर्यंत उत्तरं देत राहायचं. त्यांनी हात लावलेला अर्ज परत येत नाही, असं कचेऱ्यांमधून बोललं जायचं. आज मात्र बाईंचा चेहरा पार उतरला होता.

त्यांनी सांगितलं ते असं. शहराबाहेरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला कामगारांची वस्ती आहे. दुसऱ्या बाजूला कापडगिरणी, शाळा, दवाखाना. रोज सकाळी अख्खी वस्ती ट्रकांच्या मधून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडते. काहींचा जीव गेलाही आहे. रस्तेखात्याच्या मुकादमाची बायको तिथेच गेली. तेव्हापासून मुकादम रोज सकाळी कामावर जायच्या आधी लाल झेंडा घेऊन तिथे उभा राहतो, ट्रक अडवतो आणि माणसं पलीकडे सोडतो. हे काम त्याला कुणी दिलेलं नाही. अर्जबाईंनी रस्तेखात्यातर्फे तिथे पादचारी पुलासाठी अर्ज केला होता.

"मंडळाचा निरीक्षक जागा बघायला आला," अर्जबाई म्हणाल्या. "सकाळभर रस्त्याच्या कडेला उभा राहिला. त्याला एकही माणूस ओलांडताना दिसला नाही."

"एकही नाही?" आत्याने शिडीवरूनच विचारलं.

"एकही नाही. मी स्वतः उभी राहून शेकड्यांनी माणसं मोजलीयत तिथे. आता मंडळ म्हणतंय, बाईंनी आकडे घरी बसून लिहिले."

सुट्टी नव्हती. गिरणी चालू होती, शाळा भरली होती, दोन्हीकडे हजेरी नेहमीइतकीच होती. भाच्याने विचारलं की मग माणसं उडून गेली की काय. आत्या शिडीवरून उतरली. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि भाच्याला तेवढं पुरे होतं.

परवा मंडळाची बैठक होती. त्यात अर्ज फेटाळला जाणार आणि अर्जबाईंचं नाव काळ्या यादीत जाणार, हे जवळजवळ ठरलं होतं.

"माझं नाव जाईल त्याचं दुःख आहेच, खोटं कशाला बोलू?" त्या म्हणाल्या. "पण एकदा फेटाळलेल्या जागेचा अर्ज मंडळ पुन्हा घेत नाही. मग ती माणसं तशीच धावत राहतील. जन्मभर."

निरीक्षक कधी येणार हे कुणाला माहीत होतं, असं आत्याने विचारलं. फक्त त्यांना आणि रस्तेखात्याच्या इंजिनिअरसाहेबांना, अर्जबाई म्हणाल्या. बाकी कुणाला कळू नये अशी त्यांनी खास काळजी घेतली होती.

"कुणी मोठा माणूस येणार म्हटलं की खात्यातले लोक आधी झाडलोट करतात. कुंड्या काय मांडतात, दगडांना रंग काय देतात. मला ते नको होतं. जसं आहे तसंच दिसू दे म्हटलं. मुकादमालाही सांगितलं नाही."

"झेंड्याचं अर्जात लिहिलंय?"

"लिहिलं होतं. साहेबांनी काढायला लावलं. म्हणाले, खात्याच्या दप्तरी असा कुठला झेंडा नाही."

---

रस्ता रुंद होता, आणि ट्रक थांबायची सवय नसल्यासारखे येत होते. मधल्या दुभाजकाच्या जाळीला माणूस जाईल एवढं भगदाड होतं, आणि तिथली माती पायांनी तुळतुळीत झाली होती. माणसं इथूनच जातात हे आंधळ्यालाही कळलं असतं.

ऊन चढलं होतं. महिनोन् महिने पावसाचा थेंब नव्हता. भाचा सावली शोधत भरावाच्या उतारावरून खाली गेला आणि कुरकुरत वर आला. त्याच्या काळ्या बुटांच्या टाचा पांढऱ्या झाल्या होत्या.

"खाली मोरी आहे, रस्त्याच्या पोटातून गेलेली. गारवा असेल म्हणून गेलो, तर तोंडाशी काट्यांचा ढीग. आणि बुटांची ही दशा झाली. नवीन आहेत, आत्या."

"काटे सुकलेले होते का?"

"सुकलेले कसले? पानं हिरवी होती. हा बघ, ओरखडा."

आत्याने ओरखडा पाहिला, बूट पाहिले आणि वस्तीकडे चालायला लागली.

वस्तीत ज्याला विचारावं तो एकच सांगत होता, त्या दिवशी रोजच्यासारखंच गेलो. शब्दही तेच. गिरणीतल्या ज्या उंच कामगाराला सगळे लंबू म्हणत, तो दारात उभा होता. त्याच्या कपाळावर पट्टी होती.

"रस्ता ओलांडून गेलात?" आत्याने विचारलं.

"पलीकडे गेलो की. रोजच्यासारखंच."

"आणि हे कपाळाला?"

"दाराची चौकट लागली."

तो त्याच चौकटीत सरळ उभा होता, आणि डोक्यावर वीतभर जागा शिल्लक होती. शेजारच्या ओट्यावर मुलांचे कापडी बूट वाळत घातले होते. धुऊनही त्यांच्यावरचा करडा डाग गेला नव्हता. आत्याने एका मुलीला तिच्या बुटांबद्दल विचारलं. तेवढ्यात आई बाहेर आली आणि मुलीला आत घेऊन गेली. उद्धटपणा नव्हता त्यात, पण दार लागलं.

"सगळे खोटं बोलतायत," भाचा म्हणाला.

"एक शब्दही खोटा नाही त्यांचा. ती चौकट सोडली तर."

---

पलीकडच्या बाजूला पेट्रोलपंप होता. पंपवाला गल्ल्यामागून उठलाच नाही. पुलाचा जिना नेमका आपल्या पंपाच्या तोंडाशी येणार, गाड्यांना वळायला जागा राहणार नाही, म्हणून पुलाला आपला विरोध आहे, हे त्याने आल्याआल्याच सांगून टाकलं. पत्रंही लिहिली होती त्याने मंडळाला.

"पण म्हणून मी काही माणसं गायब केली नाहीत," तो म्हणाला. "आली होती सगळी त्या सकाळीही. रोज माझ्या नळावर पाणी पितात, मी कधी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी सगळ्यांनी पाय धुतले. फरशीवर हा राडा. माझा पोऱ्या दुपारपर्यंत पुसत होता."

गाडीत बसल्यावर भाच्याने जाहीर केलं की पंपवाल्यानेच पैसे चारून लोकांना घरी बसवलं, आणि आता आली होती म्हणून थाप मारतोय. आत्याने विचारलं की घरी बसलेल्यांची गिरणीत हजेरी कशी लागली. भाच्याने गाडी चालू केली.

इंजिनिअरसाहेबांच्या खोलीत गार हवेचं यंत्र घुमत होतं. टेबलावर पेनं ओळीने लावलेली होती. साहेब फार सभ्यपणे बोलले. ती रस्ता ओलांडायची जागाच नाही, दप्तरी तशी नोंद नाही, अर्जबाईंच्या आग्रहामुळे आपण सही केली, आता बाई अडचणीत आल्या याचं वाईट वाटतं, वगैरे.

"मुकादम रोज झेंडा घेऊन उभा राहतो म्हणे," आत्या म्हणाली.

"ऐकीव गोष्टी आहेत. आणि त्या दिवशी तर तो तिथे नव्हताच. मी त्याला नाल्याच्या कामावर पाठवलं होतं."

आत्याने त्या दिवसाचं काहीच विचारलं नव्हतं. तिने आभार मानले आणि ती उठली.

मुकादम खात्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये भेटला. साठीला आलेला, हाडापेराने मजबूत माणूस. तो बांधकामाच्या लांब फळ्या भिंतीला उभ्या करून ब्रशने घासत होता. फळ्यांवरून करडं पाणी ओघळत होतं. कोपऱ्यात झेंडा गुंडाळून ठेवला होता, कापड धुवून धुवून फिकट झालेलं.

"त्या सकाळी कुठे होता?"

"नाल्याच्या कामावर. साहेबांनी सांगितलं होतं."

"उजाडल्यापासून?"

"उजाडायच्या आधीपासून."

आत्या शेजारच्या पिंपावर बसली. अर्जबाईंवर काय बालंट आलंय ते माहीत आहे का, असं तिने विचारलं. मुकादमाचा ब्रश थांबला. माहीत आहे म्हणाला.

"त्यांना वाचवेल असं काही ठाऊक आहे तुम्हाला?"

त्याने साफ झालेली फळीच पुन्हा घासायला घेतली. तो रडू आवरत होता हे भाच्यालाही कळलं, आणि भाच्याने मान फिरवली.

"पूल व्हायला पाहिजे," मुकादम शेवटी म्हणाला. "मला एवढंच ठाऊक आहे."

परतताना घराजवळ आल्यावर आत्याने विचारलं, "बूट पुसलेस?"

"लगेच पुसले."

"पुसायला नको होतेस. असू दे, मी वास घेतलाय. चुन्याची भुकटी होती ती."

---

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्जबाईंच्या कचेरीत सगळे जमले. भिंतीवर रस्त्यांचे आणि पुलांचे नकाशे होते, आणि त्यातले बरेच पूल आता खरोखर उभे होते. इंजिनिअरसाहेब घड्याळ बघत होते. पंपवाला आपल्याला का बोलावलं म्हणून कुरकुरत होता. मुकादम खुर्ची असूनही भिंतीशी उभा होता. निरीक्षकही आला होता. किरकोळ अंगाचा, कोरड्या आवाजाचा माणूस. आपण जे दिसलं तेच लिहिलं, एवढं त्याने आधीच सांगून ठेवलं.

"बरोबर लिहिलंत," आत्या म्हणाली. "त्या सकाळी कुणीही रस्ता ओलांडला नाही."

अर्जबाईंनी दचकून तिच्याकडे पाहिलं.

"थांबा. हे पंपवालेही खरं बोलतात. यांना पूल नकोय, म्हणजे माणसं आली नाहीत असं म्हणणं यांच्या फायद्याचं होतं. तरी हे म्हणाले, आली. गिरणीची हजेरीही तेच सांगते. म्हणजे माणसं अलीकडे होती आणि मग पलीकडे पोचली. रस्त्यावर पाय न ठेवता. वरून जायला पूल तर अजून झालेलाच नाही. मग राहिलं काय?"

भाचा आपल्या बुटांकडे बघत होता.

"खालून," तो सावकाश म्हणाला.

"खालून," आत्या म्हणाली, आणि आवाजातलं कौतुक तिने फारसं लपवलं नाही. "रस्त्याखाली मोरी आहे, भरावामुळे वरून दिसत नाही. तिच्या तोंडावर काट्यांचा ढीग आहे, पण पानं हिरवी. म्हणजे तोंड पुन्हा बंद करायला आत्ताच कुणीतरी तोडून टाकलेले. पायाखाली चुना. ओसाड मोरीत चुना कोण टाकतं? जो माणसांना तिथून चालवणार आहे, तो. वस्तीत पाऊस नसताना मुलांचे बूट धुवून वाळत घातलेले. पंपाच्या नळावर सगळ्यांनी पाय धुतले, एकाच दिवशी. आणि गिरणीतला लंबू. घराच्या दारात तो सरळ उभा राहतो, चौकट त्याच्या डोक्याला लागूच शकत नाही. मोरीचं छत लागलं."

"शेकडो माणसं घाणीतून गेली?" निरीक्षकाने विचारलं.

"फळ्यांवरून गेली. त्या फळ्या घासताना मी पाहिल्या." आत्या मुकादमाकडे वळली. तिचा आवाज मऊ झाला. "तुम्ही मला एकदाही खोटं सांगितलं नाहीत. नाल्याच्या कामावर होतो म्हणालात. होताच, ही मोरी त्याच नाल्याची."

मुकादमाने मान खाली घातली.

"पण हा तर पुलासाठी जीव टाकतो," अर्जबाई म्हणाल्या. "हाच का असं करेल?"

"कारण निरीक्षक कशासाठी येतोय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलं नाहीत, जसं आहे तसं दिसावं म्हणून. तुमचा हेतू चांगला होता. साहेबांनी मात्र त्याला अर्धंच सांगितलं." आत्या साहेबांसमोर उभी राहिली. "दप्तरी नसलेला झेंडा निरीक्षकाने पाहिला असता, तर खात्याला विचारलं असतं की इतकी वर्षं एक मुकादम जे करतोय ते खातं का करत नाही. म्हणून तुम्ही त्याला हलवलंत. मी न विचारता मला सांगितलंत की तो त्या दिवशी तिथे नव्हता. रस्ता रिकामा राहिल्याचं कळल्यावर तुम्हाला अंदाज आला असणारच. तरी बाईंवर आळ येऊ दिलात."

साहेबांनी आपण फक्त कामाची वाटणी केली असं म्हणायला सुरुवात केली, पण वाक्य पुरं झालं नाही. मुकादम बोलायला लागला होता.

"साहेब म्हणाले, मोठा अधिकारी येतोय, उद्या झेंडा घेऊन रस्त्यावर दिसू नकोस. मी म्हटलं, मग माणसं? म्हणाले, एका दिवसाने काय होतंय?" तो थांबला. "माझी बायको गेली तेव्हाही एकच दिवस होता, बाई. मग मी मोरी साफ केली. फळ्या टाकल्या. लोकांना म्हटलं, आजचा दिवस इथून जा."

"आणि नंतर? मला तरी सांगायचं होतं," अर्जबाई म्हणाल्या. त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "माझी अब्रू चालली होती."

निरीक्षकाने मध्येच हात वर केला. त्याने विचारलेला प्रश्न सरळ होता, आणि तोच मुकादमाचं उत्तर ठरला. मोरीतून जर सगळी वस्ती सुखरूप जाऊ शकते, तर पुलाची गरजच काय?

"हेच," मुकादम म्हणाला. "हेच ऐकावं लागू नये म्हणून मी गप्प राहिलो. लोकांनाही गप्प राहायला सांगितलं."

त्या मोरीत वरच्या जलशुद्धीकरण केंद्रातलं गाळण्या धुतलेलं पाणी सुटतं, आणि ते कधी सुटेल याचा नेम नसतो. सुटलं की छताला लागतं. अर्जबाईंनी भिंतीवरच्या नकाशात ती निळी रेघ दाखवली. त्या सकाळी मुकादम स्वतः ते पाणी सोडायच्या वरच्या दारापाशी, दाराच्या चाकाला हात लावून बसून राहिला होता. शेवटचा माणूस पलीकडे गेल्याचा निरोप येईपर्यंत त्याने केंद्रातल्या कुणाला चाकाला शिवू दिलं नव्हतं.

निरीक्षकाने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला की बैठक उद्या दुपारी आहे, सकाळी आपण पुन्हा मोजणी करू. पण मंडळाचा नियम असा की मोजणीच्या वेळी जागा जशी आहे तशीच हवी. मोरी बंद. आणि झेंडाही नाही, कारण झेंडा असला तर रस्ता आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसतो.

कोडं सुटल्यावर आत्याला एरवी बरं वाटायचं, आज अजिबात वाटत नव्हतं.

"तुम्ही सांगा," अर्जबाई मुकादमाला म्हणाल्या. "तुम्ही नको म्हणालात तर मी अर्ज मागे घेते."

मुकादमाने चेहऱ्यावरून हात फिरवला.

"मोजा," तो म्हणाला.

---

साहेबांनी त्याच संध्याकाळी मुकादमाच्या हातात निलंबनाचा कागद ठेवला, मोरी उघडल्याबद्दल. झेंड्याचा त्यात उल्लेख नव्हता.

सकाळी निरीक्षक आपल्या जागी उभा राहिला. हातात बटण दाबायचं मोजणीयंत्र होतं. अर्जबाई वही घेऊन त्याच्या शेजारी. थोड्या अंतरावर आत्या आणि भाचा. मुकादम भरावाच्या कडेला होता, खात्याची टोपी नसलेला, झेंडा गुंडाळून काखेत धरलेला.

माणसं आली. थोडा वेळ कडेला थांबली, नेहमीप्रमाणे मुकादमाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मग ती धावली. यंत्र टिकटिकायला लागलं. लंबू आपल्या तान्ह्या लेकीला खांद्यावर घेऊन गेला. म्हाताऱ्या बायका एकमेकींचे हात धरून गेल्या. ट्रक भोंगे वाजवत होते, थांबत कुणीच नव्हतं. मुकादम प्रत्येकाबरोबर पाऊलभर पुढे जायचा आणि मागे यायचा. भाच्याने आत्याचा दंड धरला होता, आणि तिने तो सोडवून घेतला नाही.

मग करड्या डागाचे बूट घातलेली ती मुलगी आईबरोबर निघाली. दुभाजकाच्या अलीकडेच तिचा एक बूट निसटला. आई पुढे गेली. मुलगी हात सोडवून बुटासाठी मागे वळली. वळणावरून ट्रक आला.

मुकादमाने झेप घ्यायच्या आधी एकदा निरीक्षकाकडे पाहिलं. नियम होता ना. पण निरीक्षक तिथे नव्हताच. यंत्र मातीत पडलं होतं, आणि तो किरकोळ माणूस दोन्ही हात वर करून ट्रकसमोर रस्त्यात उभा होता.

"झेंडा," तो ओरडत होता. "अहो, झेंडा दाखवा आधी!"

झेंडा तोपर्यंत उघडला होता.

ट्रक थांबला. मुलीने बूट उचलला आणि घातला. त्यानंतर गिरणीचा भोंगा होईपर्यंत एका बाजूची वाहनं मुकादमाने अडवली आणि दुसऱ्या बाजूची निरीक्षकाने, आणि वस्ती चालत पलीकडे गेली.

रस्ता मोकळा झाल्यावर निरीक्षक परत आला. भाच्याने त्याला पाणी दिलं. अर्जबाईंनी मंडळाचा मोजणीचा कागद काढला. आकड्याची जागा कोरी होती.

"किती लिहू?" त्यांनी विचारलं.

निरीक्षकाने मातीतलं यंत्र उचललं, त्याच्याकडे न बघताच खिशात टाकलं.

"लिहा," तो म्हणाला, "मला मोजवलं नाही."

आणि कागद मागून घेऊन त्याने त्याखाली सही केली.